डॉक्टर, पण पोट दुखलं तर नाही!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक, ज्यांना अचानक बॉसचे जोक आवडायला लागतात. आणि दोन, ज्यांना अचानक पुढे शिकावंसं वाटायला लागतं. या दुसऱ्या कॅटेगरीतली मंडळी एमबीएच्या वेबसाइट्स उघडतात, फी बघतात, ईएमआयचा हिशेब करतात आणि मुकाट्याने चहा प्यायला खाली उतरतात. इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं की ताप उतरतो. दरवर्षीचं आहे हे.

पण एखाद्याचा ताप उतरतच नाही. आमच्या घरात सध्या असा एक पेशंट आहे. माझी रूममेट. वय २९, शिक्षण एमएसडब्ल्यू, नोकरी एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीच्या सीएसआर डिपार्टमेंटमध्ये. आणि आजार? पीएचडी करू की नको? तीसुद्धा समाजकार्यात!

गेले सहा महिने आमच्याकडे डाळ शिजताना, कपडे वाळत घालताना आणि रविवारी सकाळी मी झोपलेली असताना हाच विषय चालू आहे. त्यामुळे आता मला यातलं तिच्याइतकंच कळतं, असा माझा दावा आहे.

आधी जनमत. तिच्या आईचं म्हणणं, "आता किती शिकायचं?" हा प्रश्न वाटतो, पण तो प्रश्न नाही. त्याच्या मागे लग्न उभं आहे. मावशीचं म्हणणं, मुलगी डॉक्टर झाली तर मुलगाही डॉक्टरच बघावा लागेल, आणि तसा पीएचडीवाला शोधायचा कुठे? आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना कळलं तेव्हा त्यांनी आधी अभिनंदन केलं आणि मग बीपीच्या गोळीबद्दल विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना समजावून सांगितलं की ही डॉक्टर वेगळी, पोट दुखलं तर उपयोग नाही. "मग कशाची डॉक्टर?" काकांनी विचारलं. समाजाची, मी म्हटलं. काका हसले नाहीत.

आणि हा फक्त आमच्या जिन्यातला प्रॉब्लेम नाही बरं का. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. भरपूर गदारोळ झाला. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी ताटकळणाऱ्या मुलांना ते लागलंच. पण खरं सांगू? हा सवाल आमच्याकडे रोज रात्री जेवताना होतो, आणि तो ती स्वतःच स्वतःला करते.

समाजकार्य हे शिकायचं असतं, हेच मुळात कोणाला पटत नाही. 'सोशल वर्क' म्हणजे थंडीत ब्लँकेट वाटायची आणि फोटो काढायचा, एवढंच आपल्या डोक्यात. वास्तविक मुंबईत याचं कॉलेज सुरू झालं १९३६ साली, नागपाड्यात, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने. तीच पुढे देवनारची टिस. निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. म्हणजे आपल्या आजीच्या काळापासून इथे मुलं-मुली रीतसर केस-वर्क शिकतायत. एमएसडब्ल्यूमध्ये आठवड्यातले ठरावीक दिवस थेट फील्डवर्क असतं. वस्तीत, कोर्टात, हॉस्पिटलात, पोलिस स्टेशनात. आम्ही मास कॉमवाले कॅम्पसच्या कट्ट्यावर शॉर्ट फिल्मचे प्लॅन करायचो, तेव्हा ही बया सेशन्स कोर्टाच्या व्हरांड्यात कोणाच्या तरी आईसोबत बसलेली असायची.

मग ती सीएसआरमध्ये कशी आली? पगारामुळे. कंपनी कायदा २०१३ चा, त्यातलं सीएसआरचं कलम लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीचा नफा वर्षाला ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. एमएसडब्ल्यूवाल्यांना यामुळे एसी ऑफिस, लॅपटॉप आणि मेडिक्लेम असं सगळं एकदम दिसलं. पुढे २०२१ मध्ये नियम आला की ज्या कंपन्यांचं सीएसआर सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी १ कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टची 'इम्पॅक्ट असेसमेंट' बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यायची. आमच्या मॅडम सध्या तेच रिपोर्ट वाचतात. किती बॅगा वाटल्या, किती मुलींना सायकली मिळाल्या, किती टक्के लाभार्थी समाधानी. लाभार्थी नेहमी समाधानीच असतात म्हणे. तिने एकदा विचारलं की ज्यांनी मध्येच शाळा सोडली त्यांना कोणी विचारलं का? तर मीटिंगमध्ये सांगण्यात आलं, प्रोजेक्ट ३१ मार्चला क्लोज झालाय.

हे '३१ मार्चला क्लोज' प्रकरण तिच्या डोक्यात बसलं. आणि इथे पीएचडीचं भूत शिरलं.

कारण तिचा एक जुना प्रश्न आहे. सीएसआरच्या आधी ती तीन वर्षं एका छोट्या संस्थेत होती आणि तिचं काम बालगृहांमध्ये असायचं. बालकल्याण समितीच्या आदेशाने ज्या मुलांना ठेवतात ती घरं. कोणाला आईबाप नाहीत, कोणाला असून नसल्यासारखे, कोणी स्टेशनवर सापडलेलं. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला तिथून बाहेर पडावं लागतं. विचार करा. आपल्यापैकी किती जण अठराव्या वर्षी स्वतःचं आधार कार्ड कुठे ठेवलंय हे सांगू शकले असते? मला तर बँकेत स्लिप भरायलाही बाबा लागायचे.

कायद्यात सोय आहे, नाही असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी 'आफ्टरकेअर' आहे, खास परिस्थितीत २३ पर्यंत. आपल्याकडे सरकारी भाषेत त्या वसतिगृहांना अनुरक्षणगृह म्हणतात. २०२२ च्या मिशन वात्सल्यच्या गाइडलाइन्सप्रमाणे आफ्टरकेअरमधल्या मुलाला महिन्याला ४,००० रुपये आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरी आणि शिक्षणात १ टक्का समांतर आरक्षणही आणलं. कागद छान आहे. पण कागदापर्यंत पोचतं कोण? आणि जे पोचत नाहीत ते असतात कुठे?

तिच्या मोबाइलमध्ये अशा अकरा मुलांचे नंबर आहेत. ती असताना अठराचे झालेले. त्यातले चार लागतात. एक जण कल्याणला मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे, रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग मेसेज पाठवतो. एकीचं लग्न झालं, ती ताईशी नवऱ्यासमोर बोलत नाही. एक नंबर आता वसईच्या कुठल्यातरी काकूंकडे गेलाय. रूममेटने दोनदा लावून बघितला, त्या प्रेमाने म्हणाल्या, "राँग नंबर गं बाळा." बाकीचे स्विच्ड ऑफ.

म्हणजे तिचा प्रश्न काही फार भारी शब्दांत नाहीये. ही पोरं बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी कुठे असतात, पाच वर्षांनी कुठे असतात, आणि जी टिकली ती कोणाच्या जोरावर टिकली? याचं उत्तर शोधायला एका माणसाला तीन-चार वर्षं लागतील. कुठलीही कंपनी, कुठलीही फंडिंग एजन्सी एका माणसाला एकाच प्रश्नावर एवढा वेळ बसवत नाही. विद्यापीठ बसवतं. तिच्या बाजूने एवढा एकच मुद्दा आहे, पण तो सॉलिड आहे हे मला मान्य करावं लागलं.

आता विरुद्ध बाजू. ती मीच मांडते, कारण घरात दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, प्रबंध लिहिलास, समजा छान लिहिलास. बाइंडिंग करून लायब्ररीत गेला. त्या स्विच्ड ऑफ नंबरवाल्याचं काय भलं झालं? यावर तिने मला शोधगंगा दाखवली. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात अशी ही जागा. बॉस, ज्याला कोणाला पीएचडीचा झटका आलाय त्याने फॉर्म भरण्याआधी शोधगंगेवर आपल्या विषयातले तीन प्रबंध पूर्ण वाचावेत. झोप लागली तर लागली. आम्ही एक वाचला. पहिली दोन प्रकरणं व्याख्यांची, मग तक्ते, मग पाय-चार्ट, आणि शेवटी शिफारस काय, तर शासनाने याकडे लक्ष द्यावे. रूममेट दिवसभर उदास होती. दुसरा वाचला, तो एका बाईने चार वर्षं एकाच वस्तीत जाऊन लिहिलेला होता आणि रात्री दीड वाजता लाइट बंद कर म्हणून मला ओरडावं लागलं.

आणि कागद कधीकधी हलवतोही बरं. टिसचा 'कोशिश' नावाचा फील्ड अ‍ॅक्शन प्रोजेक्ट आहे. त्यांनी बिहारमधल्या निवारागृहांचं सोशल ऑडिट केलं. २०१८ मध्ये तो रिपोर्ट सरकारकडे गेला आणि त्यातून मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातला भयंकर प्रकार उघड झाला. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, लोकांना शिक्षा झाल्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन माहितीये ना? चाइल्डलाइन. तीही १९९६ मध्ये मुंबईत टिसचाच एक प्रायोगिक प्रोजेक्ट म्हणून सुरू झाली, जेरू बिलिमोरिया तेव्हा तिथे शिकवायच्या. मात्र (हा 'मात्र' मी मुद्दाम टाकते) यातलं एकही काम म्हणजे कोणाचा पीएचडीचा प्रबंध नव्हता. विद्यापीठात बसून केलेलं काम होतं, एवढं खरं. रूममेटचं म्हणणं, मग मला आधी विद्यापीठात शिरू तर दे!

शिरणं सोपं नाही. पहिली पायरी नेट. १५० प्रश्न, ३०० मार्क, ३ तास, वर्षातून दोनदा. २०२४ मध्ये यूजीसीने ठरवलं की नेटचे मार्क पीएचडीच्या प्रवेशाला धरायचे. वरचे जे असतात त्यांना जेआरएफ, म्हणजे फेलोशिप. त्याखालच्यांना असिस्टंट प्रोफेसरकी आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्रता, आणि त्याखालच्यांना फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफ नसेल तर नेटच्या मार्कांना ७० टक्के वजन आणि इंटरव्ह्यूला ३०. आणि याच पहिल्या वर्षी काय झालं आठवतंय? १८ जून २०२४ ला नऊ लाखांहून जास्त मुलांनी पेपर दिला आणि १९ जूनला परीक्षाच रद्द! सुट्टी काढून पेपर देणाऱ्या नोकरदारांनी बॉसला काय सांगितलं असेल, देव जाणे.

जेआरएफला वयाची अट ३० आहे. बायकांना ५ वर्षं जास्त. यूजीसीला बाईच्या वयाची एवढी काळजी आहे, मावशीला नाही.

मग पैसे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,०००. २०२३ पासूनचे दर हे. होस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. आत्ता तिच्या हातात येतात ५८,०००. आमच्या गोरेगावच्या वन बीएचकेचं भाडं ३२,०००, तिचा वाटा निम्मा. घरी ती १०,००० पाठवते. करा वजाबाकी. त्यात फेलोशिप दर महिन्याला एक तारखेला येतेच असं नाही, असं सगळेच रिसर्च स्कॉलर सांगतात. कधी चार महिने काही नाही आणि मग एकदम जमा. मी फ्रीलान्सर आहे. एकदम जमा म्हणजे काय असतं ते मला विचारा. ज्या महिन्यात चेक येत नाही त्या महिन्यात मी आयुष्याबद्दल फार खोल विचार करते, आणि चेक आला की सँडल घेते. तिला तसं जमणार नाही. तिच्या घरी १०,००० ची वाट बघणारी माणसं आहेत.

इथे माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. ती पीएचडीला दुसऱ्या शहरात गेली तर १६,००० ची जागा रिकामी. नवीन रूममेट शोधायची म्हणजे पुन्हा तो 'व्हेज आहेस का, किती वाजता झोपतेस' इंटरव्ह्यू. त्यामुळे मी जे सल्ले देते ते थोडे चाळून घ्यावेत असं मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

वेळेचं गणित तर और आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. मुदतवाढ मिळू शकते, बायकांना त्यावर आणखी २ वर्षं, शिवाय बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क आहे, दर सेमिस्टरला कमिटीसमोर प्रेझेंटेशन आहे. आणि सगळ्यात मोठा जुगार म्हणजे गाइड. एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, यापलीकडे घेता येत नाहीत. ज्यांच्या रिटायरमेंटला ३ वर्षांहून कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जागा असतात मोजून, आणि त्यातही तुमच्या विषयात रस असलेला माणूस हवा. आमच्या ओळखीतल्या एकीची गाइडशी दोन वर्षं पत्रव्यवहाराची भाषा चालू आहे, दोघं एकाच मजल्यावर बसतात. दुसऱ्या एकाचे गाइड त्याचा ड्राफ्ट रात्रीत वाचून सकाळी चहाला बोलावतात. लग्न परवडलं, निदान पत्रिका तरी बघतात!

बरं, एवढं करून नोकरी? पूर्वी विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमध्ये पीएचडी लागणार असा नियम येऊ घातला होता. जुलै २०२३ पासून यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट-सेट ही किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. दुसरीकडे आपल्याकडे कायमच्या जागा भरण्याचा वेग असा की नेट झालेली, पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, या कॉलेजातून त्या कॉलेजात एसटीने फिरतायत. मोठ्या नावाचीही गॅरंटी नाही. जून २०२४ च्या शेवटी खुद्द टिसने अनुदान न आल्याचं कारण देऊन शंभराहून जास्त कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना नारळ द्यायचं पत्र काढलं, दोन दिवसांत ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. पण ते दोन दिवस त्या लोकांनी कसे काढले असतील? कामगार कल्याण शिकवणारी माणसं होती ती.

अमेरिकेचाही एक छोटा अंक झाला. तिकडे काही विद्यापीठांत यालाच 'सोशल वेल्फेअर'मधली पीएचडी म्हणतात, बर्कलेला तशी आहे. फंडिंग मिळालं तर फी माफ आणि वर स्टायपेंड. एक वीकेण्ड आम्ही त्यांचे फॉर्म वाचण्यात घालवला, स्वप्नात थोडा बर्फही पडला. सोमवारी ती म्हणाली, "माझी पोरं कल्याण-वसईत, मी कॅलिफोर्नियात बसून काय करू?" अंक संपला.

मला विचाराल तर, नुसती नोकरी कंटाळवाणी झाली म्हणून पीएचडी करणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्याशी फोनवर बोलायला मला भीती वाटते. नावापुढे डॉ. लागावं म्हणून करणारी तर त्याहून वाईट, ती लग्नपत्रिकेतही तपासून घेतात. हिचं तसं नाहीये. हिला खरंच एक गोष्ट माहीत करून घ्यायचीये. म्हणून माझं मत सरळ आहे: जेआरएफ मिळाली तर नोकरी सोड आणि पूर्णवेळ कर. नाही मिळाली तर परत पेपर दे, पण पार्टटाइमच्या फंदात पडू नकोस. २०२२ च्या नियमांत पार्टटाइम पीएचडी चालते, त्याला ऑफिसचं एनओसी लागतं. पण रात्री नऊला अंधेरीहून लोंबकळत घरी येणारी मुलगी वसईतल्या पोरांना शोधणार कधी? शनिवारी? शनिवारी ती पोरंही कामावर असतात.

तिला हे पटलेलं नाही. घरचे १०,००० बंद करणं तिच्या डोक्यात बसत नाही, आणि त्यावर मी काय बोलणार? तिने डिसेंबरच्या नेटचा फॉर्म भरलाय आणि त्याच आठवड्यात एचआरला एनओसीचा मेलही टाकलाय. एचआरने उलट विचारलं, विषय कंपनीच्या बिझनेसशी रिलेटेड आहे का?

सध्या डायनिंग टेबलावर पेपर वनची पुस्तकं आहेत आणि आम्ही सोफ्यावर जेवतो. सिनॉप्सिसचा पहिला ड्राफ्ट तयार आहे, मराठीत. मराठी तपासायचं काम अर्थातच माझं, तेही फुकट. पहिल्याच ओळीत अडलो. बालगृहातून बाहेर पडलेल्या या मुलांना म्हणायचं काय? इंग्रजीत 'केअर लीव्हर्स' असा सुटसुटीत शब्द आहे. अनुरक्षणगृह म्हटलं तर आमच्या वॉचमनला ते किल्ल्याचं नाव वाटलं. 'माजी प्रवेशित' हे सरकारी. 'संस्थामुक्त' मी सुचवलं, ती म्हणाली तुरुंगातून सुटल्यासारखं वाटतं. शेवटी तिने कल्याणच्या गुड मॉर्निंगवाल्यालाच फोन लावला, स्पीकरवर.

तो म्हणाला, "ताई, सगळे संस्थेतला पोरगाच म्हणतात. तेच लिहा ना." मग जरा थांबून, "पण माझं नाव नका टाकू हां. दुकानात शेठला माहीत नाहीये."

संशोधनात नाव टाकत नसतात, आधी परवानगी घेतात, हे तिने त्याला पुढची दहा मिनिटं समजावून सांगितलं. डाळ करपली, पण ड्राफ्टमध्ये तो शब्द आता आहे.